लाइन चालू आहे

लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला आणला, तीन हप्त्यांत.
कादरभाईने वर सहा तारा फुकट दिल्या.
म्हणाला, तसं बघितलं तर याला तारा लागतच नाहीत.
आतल्या आत सगळं जोडलेलं:
ऑसिलेटर फिल्टरला, फिल्टर आवाजाच्या दाराला,
दार तुमच्या बोटाला.

पण बाहेरून तार खुपसलीत
तर आतलं ते नातं मुकाट सुटतं.
मोडत नाही. बाजूला होतं.
तार काढा, पुन्हा जागेवर.

माहीमच्या घरात जेवणाचं सोडून दुसरं टेबल नाही.
लोणच्याची बरणी सरकवून ठेवला.
अर्धा तास तापू द्यावा लागतो,
नाहीतर दुपारी लावलेला षड्ज
खाडीचा वारा सुटला की केसभर हलतो.

मंदाआत्या चष्मा पुसत आली.
"हा काय, एक्स्चेंजचा बोर्ड?"

एकतीस वर्षं ती फोर्टात ट्रंकला होती.
कानांवर हेडफोन, पुढ्यात भोकंच भोकं,
दोन्ही हातांत तारा,
पुणे, सोलापूर, अर्जंट, लायटनिंग,
तीन मिनिटं झाली, वाढवू?

मी समजावायला लागलो.
हा आवाज करवतीचा, दातेरी.
हा चौकोनी, नाकात बोलणारा.
हा फिल्टर: कटऑफ खाली आणला की
वरची धार जाते आणि उरतो
भिंतीपलीकडे बोलणारा माणूस.
रेझोनन्स वाढवत नेला तर हाच
कुणी काही न वाजवता
स्वतःशी शीळ घालतो.

ती ऐकत नव्हती.
तिने नॉइजचं बटण उघडलं होतं, नुसती खरखर,
आणि मान तिरकी करून
तिच्यात कोणी आहे का शोधत होती.

"नागपूरचा कॉल होता एकदा," ती म्हणाली,
"एकोणसत्तर की सत्तर. बाईंनी लावलेला,
इकडे दादरला एक गृहस्थ.
दोघं बोललेच नाहीत.
आम्ही ऐकायचं नसतं, पण लाइन जिवंत आहे का
ते बघावं तर लागतंच.
नुसता श्वास. तिकडून एक, इकडून एक.
तीन मिनिटं झाली. मी मधे पडले नाही.
चार झाली. पाच.
मिस डिमेलो मागे येऊन उभ्या राहिल्या.
मेमो मिळाला. पगारातून अकरा रुपये."

मग तिने तार उचलली, करडी, सर्वांत लांब.
नाव न वाचता, मला न विचारता
संथ लहरीच्या भोकातून काढून
फिल्टरच्या भोकात.
तो खट्ट तिच्या बोटांच्या ओळखीचा निघाला.

एन्व्हलप मी एकदाच सांगितलं:
चढ, उतार, टेकणं,
आणि बोट उचलल्यावर
आवाज किती वेळ घरात राहणार, ते.
हे शेवटचं बटण तिने पार उजवीकडे नेलं.

एक पट्टी दाबली. सोडली.
ताटलीतला चमचा बारीक थरथरला.
खरखर उघडत होती, मिटत होती,
उघडत होती.
श्वास एकच होता. दुसरा आत्याचा.

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.
मी बंद करायला हात पुढे केला.
"थांब," ती घड्याळाकडे बघत म्हणाली,
"लाइन चालू आहे."

या यंत्राला काही आठवत नाही.
बटणं जिथे सोडाल तिथे, बस्स.
म्हणून रात्री मी फोटो काढून ठेवला,
प्रत्येक बटणाचा काटा, प्रत्येक तारेचं टोक.

सकाळी टेबलावर पोळपाट.
यंत्र खिडकीत, वर पंचा,
तारा सहाही सारख्या वेटोळ्यांत गुंडाळून
दुधाच्या पिशवीत.

फोटो बघून सगळं तसंच लावलं.
अर्धा तास तापवलं.
पट्टी दाबली.

"राँग नंबर,"
आत्या आतून म्हणाली,
आणि पोळी उलटली.